घराच्या बाहेरच्या रंगाचं एस्टिमेट द्यायला माणूस येतो तेव्हा नेमकं काय होतं? आपण काय तयारी ठेवायची?

तुमचा बंगला कोल्हापूरचा, खाली-वर मिळून दोन मजल्यांचा, वीसेक वर्षं जुना. पश्चिमेच्या भिंतीला भेगा आणि शेवाळ. तीन जणांना बोलावलंय, आणि ते येऊन काय करतात, पैसे घेतात का, असं तुम्ही विचारलंय. मी बांधकाम साइटवर सुपरवायझर होतो, आता दुरुस्तीची कामं बघतो, म्हणजे अशी एस्टिमेटं मी दिली आहेत आणि इतरांची तपासलीही आहेत.

आधी पैशांचं. स्थानिक पेंटर किंवा ठेकेदार सहसा फी घेत नाही. रंगाच्या कंपन्यांतर्फे जी माणसं येतात त्यांचं वेगवेगळं असतं, फोनवरच विचारून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअर (इमारतीची मजबुती तपासणारा) मात्र फी घेतो आणि ती देणं रास्त आहे, कारण तो काम मिळवायला आलेला नसतो. कॉलमच्या कडेनं उभी भेग आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसत असेल, तर रंगवाल्याच्या आधी त्याला बोलवा. आतली सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट सोडवते. तिथं कुठलाच रंग कामाचा नाही.

आता मुख्य गोष्ट. येणारा माणूस गच्चीवर गेला की नाही, एवढं बघा. खाली फाटकापाशी उभा राहून वर बघत ‘होऊन जाईल साहेब, इतके इतके’ म्हणणारा अंदाज सांगतो, एस्टिमेट देत नाही. भिंतीवरची बहुतेक ओल वरूनच येते. कठड्याच्या माथ्यावरचं प्लास्टर फुटलेलं असतं, कोब्याचा (गच्चीवरच्या वरच्या थराचा) उतार बिघडलेला असतो, पाणी जायच्या पाइपच्या तोंडाशी फट असते किंवा छज्जाच्या कडेखालची पाणी भिंतीकडे येऊ न देणारी पट्टी तुटलेली असते. ते न बुजवता रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात फुगे आणि पापुद्रे ठरलेले.

मन लावून बघणारा माणूस हाताच्या मुठीनं किंवा हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत फिरतो. प्लास्टर विटेपासून सुटलं असेल तिथं भद्द आवाज येतो, आणि तेवढा भाग तोडून नव्यानं करावा लागतो. तो जुन्या रंगावर तळहात घासून बघेल. पांढरी भुकटी हाताला लागली तर धुवून, घासून प्रायमर घ्यावाच लागतो. काही जण ओल मोजायचं मीटर आणतात. केसासारख्या भेगा आणि नख जाईल अशा भेगा तो वेगळ्या धरेल, कारण रुंद भेग आधी कापून मोठी करावी लागते आणि मगच भरता येते. या सगळ्याला तुमच्या घरासाठी तासभर तरी जायला हवा. म्हणून वेळ सकाळची द्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ‘येऊन जातो’ म्हणाला तर नको म्हणा. अंधारात भेगा दिसत नाहीत.

तुमची तयारी थोडीच. गच्चीच्या कुलपाची किल्ली हाताशी ठेवा, भिंतीला टेकवलेल्या कुंड्या बाजूला घ्या, आणि भर पावसात ओल कुठे उमटते त्याचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर ते दाखवा. जानेवारीत कोरडी दिसणारी भिंत जुलैत काय करते, हे येणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशातून कळणार नाही.

मापाचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून टेप धरायला स्वतः उभे राहा. दारं-खिडक्यांची वजावट केली का, कठड्याची आतली बाजू धरली का, छज्जाची खालची बाजू धरली का, हे तिथल्या तिथे विचारा. तिघांची मापं वेगळी आली तर दरांची तुलना करण्यात अर्थच नाही. पडताळा घरबसल्या घेता येतो. समजा घर 30 बाय 40 फूट आहे. परिमिती 140 फूट, कठड्यासह उंची 25 फूट धरली तर 3500 चौरस फूट. चांगलं एक्सटिरिअर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा रंग, दोन हातांत लिटरला साधारण 50 ते 60 चौरस फूट जातं. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा असतो. 50 धरले तर 70 लिटर, म्हणजे 20 लिटरचे साडेतीन डबे. खिडक्या वजा केल्या की आणखी कमी. एस्टिमेटमध्ये सहा डबे असतील तर विचारा. दोनच असतील तर जास्त खोलात विचारा, कारण तिथं दुसरा हात पाण्याचा बसणार. (पेंटर एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल तर डब्यात त्याच्यासाठी टोकन, म्हणजे बक्षिसाचं कूपन, असू शकतं, हेही लक्षात असू द्या. रंग वाईट असतो असं नाही.)

कागदावर परांची, घासणं-धुणं, भेगा आणि प्लास्टर, प्रायमर, रंगाचे हात, ग्रीलचं ऑइल पेंट हे वेगवेगळं लिहून मागा. रंगाचं नाव पूर्ण हवं; नुसतं ‘कंपनीचा रंग’ चालणार नाही, एकाच कंपनीत स्वस्तही असतो आणि महागही. जीएसटी धरून की वरून, हे विचारा. वॉरंटीत ओलीनं झालेलं नुकसान येतं का, तेही विचारा. बऱ्याचदा येत नाही. प्लास्टर किती निघेल हे तोडल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे तिथं ठोक रकमेपेक्षा चौरस फुटाचा दर ठरवणं बरं. मग जादा काम निघालं तरी वाद होत नाही.

आगाऊ रक्कम मी स्वतः पाव हिश्शाच्या वर देऊ देत नाही. परांची सोडायच्या आधी वर चढून बघा किंवा कुणाला तरी चढवा, कारण ती उतरली की राहिलेला कोपरा राहिलाच.

एस्टिमेट ऑक्टोबरमध्ये घेतलं तरी हरकत नाही, पण काम लगेच लावू नका. परतीच्या पावसानं भिंती ओल्या असतात. दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे ऊन खाऊ द्या. एप्रिल-मे पर्यंत ढकललंत तर सगळ्या गावाला तेव्हाच वॉटरप्रूफिंग आठवतं आणि माणसं मिळत नाहीत. आणि शेजारच्या बाजूची गल्ली अरुंद असेल तर परांचीचे बांबू त्यांच्या हद्दीत रोवावे लागतील. ते एस्टिमेटवाल्याला दाखवा आणि शेजाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा.