फिल्म सोसायटीचा खेळ पहिल्यांदाच बघायला जातोय, काय लक्षात ठेवू?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून बदली होऊन सांगलीला आलात, इथल्या कलाकेंद्रात रविवारी संध्याकाळी इराणी सिनेमा आहे, आणि तीन शंका आहेत. सबटायटल वाचत बघितलेला सिनेमा कळतो का, नंतरच्या चर्चेत बोलावं लागतं का, आणि आठ वर्षांच्या मुलीला आणलं तर चालेल का. तीसेक वर्षं मी असल्या खेळांना जातोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. पण या तिन्हींच्या आधीचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही: बसायचं कुठं?

हसू नका. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ इथंच केलं, आणि इथल्या माणसाला तेव्हापासूनच खोड लागली असावी, की हॉलमध्ये पाऊल टाकलं की पुढच्या रांगेकडं धाव. नाटकाला ते बरोबरच आहे, नटाचे डोळे दिसायला हवेत. सिनेमाला तिथं बसाल तर मान तर अवघडतेच, वर चेहरा बघू की खालची ओळ वाचू यातच जीव जातो. बरं, अगदी मागं जावं तर निराळीच पंचाईत. कलाकेंद्रातल्या बहुउद्देशीय हॉलची जमीन सपाट, खुर्च्या प्लास्टिकच्या, छत बुटकं, त्यामुळं पडदा उंच बांधता येत नाही. आणि सबटायटल येणार नेमकी पडद्याच्या तळाशी. समोरच्या काकांनी डोकं हलवलं की अर्धं वाक्य गेलं. एका सिनेमात शेवटी ती बाई घरी परत जाते की नाही, हे मला बाहेर चहा पिताना दुसऱ्याला विचारावं लागलं होतं.

तेव्हा मधल्या रांगांतली, चालायच्या वाटेलगतची खुर्ची धरा. वाटेच्या बाजूला जरा कललं की पडद्याचा तळ दिसतो आणि मागच्याला त्रास होत नाही. त्या खुर्च्या आम्हा जुन्या लोकांना ठाऊक आहेत, म्हणून वीस मिनिटं आधी या. दारात वहीत नाव-फोन लिहून घेतील, सभासद व्हायचंय का म्हणून विचारतील. बिचकू नका. सोसायटी चालते वर्गणीवर. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळींनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, तेव्हाही मित्रांनी जमून, पदरचे पैसे घालून सिनेमे बघायचे असाच मामला होता. आधी एकदोन खेळ बघा, आवडलं तर पैसे भरा.

आता सबटायटल. पहिली दहा मिनिटं दमछाक होते, हे खरं. सगळ्यांचीच होते, फक्त कबूल कोणी करत नाही. त्यातून वाट अशी की प्रत्येक शब्द वाचायचा हट्ट सोडायचा. ‘हो’, ‘नाही’, ‘इकडं ये’ हे चेहऱ्यावरून आणि आवाजावरून कळतंच. लांब वाक्य आलं की तेवढं खाली बघायचं. अर्ध्या तासानं आपण वाचतोय हेच विसरायला होतं. माझ्या घरी आजही बायको म्हणते, सिनेमा बघायला जाता की पेपर वाचायला. तीच आता माझ्याआधी तयार होऊन बसते.

एक महत्त्वाचं: मध्यंतर धरून चालू नका. आपल्याकडचा सिनेमा मध्यंतराचा हिशेब करूनच रचलेला असतो, बाहेरचा तसा नसतो. सुरू होण्याआधी मोकळे होऊन या, पाणी पिऊन घ्या. मी जायला लागलो तेव्हा १६ मिलिमीटरची रिळं यायची आणि प्रोजेक्टर एकच. १६०० फुटांच्या रिळात साधारण ४४ मिनिटांचा सिनेमा मावतो, ते संपलं की दिवे लावून दुसरं चढवायचं. तेवढ्यात लोक सिनेमावर भांडून घ्यायचे. आता लॅपटॉपवर सगळं सलग चालतं, तरी कधीकधी आयोजकांना चहाची हुक्की येते आणि भर प्रसंगात दिवे लागतात. याला माझा सक्त विरोध आहे, आणि तो कोणी ऐकत नाही.

चर्चेत बोलायची सक्ती नसते. पण उठून जाऊ नका, कारण मला विचाराल तर निम्मी मजा तिथं आहे. चारदोन जण ‘दिग्दर्शकाला इथं असं सुचवायचंय’ म्हणून सुरू करतील, त्यांना करू दे. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर अर्थ सांगायच्या भानगडीत न पडता, काय दिसलं तेवढं सांगा. एकदा एक आजोबा उठले. संगीत नाटकं ऐकत वाढलेले, सिनेमातलं आपल्याला फार कळत नाही असं आधीच सांगून मोकळे झाले. म्हणाले, ‘तो पोरगा दार लावून घेतो ना, तेवढं वन्स मोअर होईल का?’ हॉल हसला. पण लॅपटॉपवरच्या मुलानं खरंच मागं नेऊन तो प्रसंग पुन्हा लावला. दुसऱ्यांदा बघताना कळलं की पोरगा दार पूर्ण लावतच नाही, बोटभर फट ठेवतो. आम्ही सगळ्यांनी तो दार आपटून गेला असं धरलं होतं, आणि त्यावर वीस मिनिटं वादही घातला होता. आजोबांना ते पहिल्याच वेळी दिसलं होतं, फक्त खात्री करून घ्यायची होती. नाटकाच्या सांगलीकराची नजर अशी सिनेमाला उपयोगी पडते. पुढच्या रांगेची खोड तेवढी सुटायला हवी.

राहिली मुलगी. इराणी सिनेमात मुलं फार दिसतात. त्याचं एक कारण तेहरानमधली ‘कानून’ ही मुलांसाठीची संस्था, १९६५ साली निघालेली. तिच्या सिनेमा विभागातून अब्बास कियारोस्तमींसारखे दिग्दर्शक पुढं आले. पण पडद्यावर मूल आहे म्हणजे सिनेमा मुलांसाठी आहे, असं नाही. वही पोचवायला निघालेल्या पोराच्या मागं कॅमेरा दहा मिनिटं नुसता चालत राहिला, तर आपल्याला बरं वाटतं, आठ वर्षांचं मूल चुळबुळायला लागतं. शिवाय इंग्रजी ओळी ती इतक्या भराभर वाचू शकणार नाही, आणि तुम्ही कानात मराठीत सांगत बसलात तर पुढची रांग वळून बघणार. आयोजकांना आधी फोन करून सिनेमात मारहाण किंवा मरणाचं काही आहे का विचारा. नसेल तर आणा, फक्त त्या दिवशी माझा वाटेलगतच्या खुर्चीचा सल्ला गुंडाळून ठेवा आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसा. कंटाळली तर उठून जाता येईल. मिरजेकडं राहात असाल तर परतायची सोयही आधी बघून ठेवा. चर्चा रंगली की रात्र होते, आणि त्या वेळी वडाप, म्हणजे इकडची शेअर जीप, भरेपर्यंत पोरीला कडेवर घेऊन उभं राहावं लागतं.