कामगारांवरील खर्च कमी करून ऑस्ट्रेलियाची विमान कंपनी क्वांटास परदेशी विमान कंपन्यांच्या स्पर्धेत टिकू शकेल का?
केवळ वेतनखर्च कापून क्वांटासला आखाती कंपन्यांची बरोबरी करता येणार नाही, कारण दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही आणि कामगार संघटनांना परवानगी नाही. ही तफावत सिडनीत कितीही काटकसर केली तरी भरून निघत नाही. 2020 मध्ये कंपनीने 10 विमानतळांवर सामानाची चढउतार आणि विमानांची साफसफाई करणाऱ्या सुमारे 1,800 जणांचे काम कंत्राटदारांकडे सोपवले. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ते बेकायदा असल्याचा निर्णय कायम ठेवला. पुढे 12 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई आणि 9 कोटींचा दंड कंपनीच्या माथी बसला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. अर्थात, ड्युटीच्या तासांचे नियोजन सुधारून खर्च खरोखर घटवता येतो, मात्र त्यासाठी संघटनांना विश्वासात घ्यावे लागते.