‘वाळीत टाकलंय का?’ असं नणंद विचारते

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, नणंद रामबागेत. तिच्या तिन्ही मुलांना एकही लस दिलेली नाही, तिच्या यजमानांचा विश्वास नाही म्हणून. थोरल्या दोघांना गोवर आला. आता ताप उतरलाय, पुरळ सुकतंय. दोन वर्षांचा धाकटा ठणठणीत आहे. सासूबाई म्हणतात, रविवारी सगळ्यांनी भेटून यायचं. माझी मुलगी सात महिन्यांची. मी नको म्हटलं, तर नणंदेचा फोन : ‘आम्हाला वाळीत टाकलंय का?’ हे म्हणतात, पाच मिनिटं दारातूनच भेटू. काय करू?

उत्तर : बाळाला नेऊ नकोस. पण तू घाबरते आहेस ती मुलं वेगळी, माझी काळजी वेगळी.

गोवर पसरतो तो पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यावर चार दिवस. म्हणजे थोरल्या दोघांची मुदत बहुधा उलटली असेल. तारखा विचारून घे. मला भीती आहे ती ‘ठणठणीत’ धाकट्याची. लस नसलेले दहा जण अशा रुग्णाच्या निकट आले, तर नऊ जणांना गोवर होऊ शकतो. लागण झाल्यावर पुरळ दिसायला साधारण दोन आठवडे, कधी तीनही जातात. त्याआधीचे काही दिवस नुसता ताप, सर्दी-खोकला. हवा बदललीय, असं म्हणून आपण सोडून देतो. आणि रविवारी बाळाचा पापा घ्यायला पहिला धावेल तो हाच. म्हणून ज्याला नंतर पुरळ उठलं त्याचे चार दिवस, त्यापुढे आणखी 21 दिवस धर. धाकटा तोवर बरा राहिला तर खुशाल जा. मधे त्यालाच पुरळ उठलं, तर त्याचे चार दिवस होऊ देत.

दारातून पाच मिनिटं? रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. यांना सांग, उंबरठा त्याला अडवत नाही.

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, आणि आईकडून आलेलं संरक्षण एव्हाना ओसरत आलेलं असतं. इतक्या लहान जिवाला न्यूमोनिया, मेंदूला सूज, असं काहीही होऊ शकतं. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना नात्यात गोवर आल्याचं आजच कळव. साथ असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देतात. द्यायचा की नाही ते ठरवतील. नेहमीचे दोन डोस मात्र तरीही घ्यायचेच.

सासूबाईंना एक आठवण कर. आपल्याकडे ‘माता’ आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावत, आणि तो दिसला की बाहेरचा माणूस आत पाऊल टाकत नसे. त्याला कुणी वाळीत टाकणं म्हटलं नाही. त्यांना लहानपणी गोवर येऊन गेला असेल (त्या पिढीत बहुतेकांना आलेला), तर त्यांनी एकट्यानं जावं. सर्दी-खोकला असेल तर मात्र नको. गोवरानंतर मुलांची प्रतिकारशक्ती बरेच दिवस कमी असते, आपण नेलेलं दुखणं त्यांनाच बाधायचं.

आणि नणंदेला फोन तू करायचा नाहीस. सुनेनं ‘नको’ म्हटलेलं वेगळं ऐकू येतं. भावानं बहिणीला करावा, तारखेसकट : ‘अमुक रविवारी बाळाला घेऊन येतो, तोवर डबा मी पोचवतो.’ ‘लस दिली असती तर’ हे वाक्य तूर्त कुणीच तोंडातून काढू नका. तापलेल्या पोरांशेजारी रात्री जागताना ते तिनं स्वतःच शंभरदा म्हटलं असेल. डब्यात मऊ मुगाची खिचडी दे, वर तुपाची धार. तिच्यासाठी वेगळी पोळी-भाजी ठेव.