सगळ्या आयर्नची लांबी एकच असावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं गोल्फ खेळताय, हँडिकॅप (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) 24 आहे, सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, नंबर मोठा तसा आखूड) मनासारखा लागतो आणि पाच नंबर दहातून जेमतेम दोनदा. व्यावसायिक गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बोच्या बॅगेतले एकाच लांबीचे आयर्न पाहिल्यावर तुम्हाला वाटलं की सगळे क्लब सात नंबरएवढे केले तर सगळेच सात नंबरसारखे लागतील. तसा सेट घ्यावा का?

माझं उत्तर: आत्ता घेऊ नका. तुमचा पाच नंबर न लागण्यामागे लांबीपेक्षा लॉफ्टचा (क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचा) आणि तुमच्या स्विंगच्या वेगाचा हात जास्त असणार. लांबी कमी केली की वेग आणखी थोडा कमी होतो. म्हणजे जिथे आधीच कमी पडतंय तिथूनच आपण काढून घेतो.

मी शाळेत असताना पुण्यात कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होतो. पुढे क्लब दुरुस्तीचं काम हाताला लागलं आणि आता तेच करतो: शाफ्ट (दांडा) बदलणं, ग्रिप (मूठ) चढवणं, लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) वाकवणं. एकाच लांबीचे सेट मी स्वतः बांधून दिलेत, त्यातले काही परतही आले. त्यामुळे जे सांगतोय ते दुकानातल्या टेबलावरून सांगतोय.

आधी लांबी वेगवेगळी का असते ते बघू. नेहमीच्या सेटमध्ये पाच नंबर साधारण 38 इंच, सात नंबर 37, नऊ नंबर 36 आणि पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) साडेपस्तीसच्या आसपास. दर क्लबमागे अर्धा इंच कमी. पण त्याच वेळी डोकं दर क्लबमागे सुमारे 7 ग्रॅमने जड होत जातं: पाच नंबरचं 256, सातचं 270, वेजचं 290च्या जवळपास. लांब शाफ्टला हलकं डोकं, आखूड शाफ्टला जड डोकं, म्हणजे हातात धरून फिरवताना सगळे सारखेच जड वाटतात. यालाच स्विंगवेट म्हणतात आणि ते मोजायचा वेगळा काटा असतो. ग्रिपच्या टोकापासून 14 इंचांवर क्लब टेकवायचा आणि डोक्याकडचा भार किती ओढतोय ते बघायचं. लांबी आणि वजन ही एकमेकांना बांधलेली जोडी आहे. एकाला हात लावला की दुसरं बिघडतं.

हे मी चूक करून शिकलो. एका गिऱ्हाइकाने साधा सेट आणून दिला आणि म्हणाला, सगळे 37 इंचांचे करून द्या. मी सातपेक्षा लांब क्लबांचे शाफ्ट कापले, आखूड क्लबांना लांब शाफ्ट घातले. हीट गनने होझल (डोक्याची नळी, जिच्यात शाफ्ट बसतो) तापवून डोकी काढली, नवीन फेरूल (जोडावरचं कडं), एपॉक्सी, रात्रभर वाळायला ठेवलं. दिसायला सेट सुंदर झाला. सगळ्या ग्रिपा एका रेषेत. सकाळी काट्यावर ठेवले तेव्हा कळलं काय केलंय ते. आधी सगळे डी-2 होते (काट्यावरचं माप; अक्षर आणि आकडा चढला की डोकं जड लागतं). आता पाच नंबर सी-6 वर उतरला होता, हातात काडीसारखा हलका. आणि वेज गेला होता ई-1 वर, हातोड्यासारखा. वेज जमिनीवर टेकवला तर टाच टेकलेली आणि टोक नेहमीपेक्षा स्पष्ट उचललेलं, कारण 64 अंशांचा लाय साडेपस्तीस इंचांसाठी होता, 37 साठी नव्हता. त्या वेजने मारलेला प्रत्येक चेंडू डावीकडे जात होता. तो सेट मी स्वखर्चाने पूर्ववत करून दिला.

म्हणून पहिली गोष्ट नीट लक्षात घ्या: आहे तो सेट कापून एका लांबीचा होत नाही. त्यासाठी डोकीच वेगळी लागतात, सगळी साधारण 270-272 ग्रॅमची आणि सगळ्यांचा लाय जवळजवळ सारखा. कुणी "आणा, कापून देतो" म्हणालं तर क्लब देऊ नका.

कल्पना नवी नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर कंपनीने ईक्यूएल नावाने असे आयर्न काढले होते, पण ते बाजारात टिकले नाहीत. डीशॅम्बोने मात्र लोकांना पुन्हा विचार करायला लावला. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याचे आयर्न सगळे साडेसदतीस इंचांचे. 2015 मध्ये एनसीएएचं (अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेचं) वैयक्तिक विजेतेपद आणि युएस अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा त्याने एकाच वर्षात जिंकलं, पुढे 2020 मध्ये विंग्ड फूटला आणि 2024 मध्ये पाइनहर्स्टला युएस ओपन. 2017 च्या सुमाराला कोब्रा कंपनीने वन लेंथ नावाने असे सेट दुकानात आणले. नियमांचीही अडचण नाही. क्लब 18 इंचांपेक्षा आखूड नसावा आणि कमाल मर्यादेत असावा, एवढंच नियम सांगतात. सगळे सारखे असू नयेत असं कुठेही नाही.

डीशॅम्बोचा विचार खरोखर चांगला आहे, हे मला मनापासून म्हणायचंय. चेंडू पायांमध्ये कायम एकाच जागी, पाठीचा बाक एकच, चेंडूपासूनचं अंतर एकच. सरावात सात नंबरने मारलेले शंभर चेंडू म्हणजे सगळ्याच क्लबचा सराव. ज्याला आठवड्यातून एकदाच रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाता येतं त्याच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

पण डीशॅम्बोचा वेग बघा. ड्रायव्हरने (बॅगेतल्या सर्वात लांब मारायच्या क्लबने) तो ताशी 125 मैलांच्या वर जातो. आपल्यासारखे रविवारचे खेळाडू नव्वदीच्या आसपास. त्याने पाच नंबर अर्धा इंच आखूड केला तरी चेंडू उंच उडायला लागणारा वेग त्याच्याकडे उरतोच. आपल्याकडे उरत नाही. पाच नंबरचा लॉफ्ट हल्ली 25 अंशांच्या आसपास असतो. एवढ्या कमी लॉफ्टवर चेंडू हवेत चढवायला आणि हवेत टिकवायला वेग लागतो. तो नसेल तर चेंडू खाली जातो, लवकर पडतो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) थांबत नाही.

माझे एक गिऱ्हाईक आहेत, निवृत्त गृहस्थ, स्विंग अतिशय डौलदार पण सावकाश. त्यांनी तयार वन लेंथ सेट घेतला आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे आले. आम्ही रेंजवर बसून मोजलं. सात नंबर 125 यार्ड. सहा नंबर 131. पाच नंबर 133. म्हणजे पाच आणि सहा हे एकच क्लब झाले होते, बॅगेत जागा मात्र दोन अडलेल्या. चौदाच क्लब नेता येतात, त्यातला एक असा वाया का घालवायचा? शेवटी पाच नंबर काढून त्यांनी हायब्रिड (लांब आयर्नच्या जागी वापरायचा, मारायला सोपा क्लब) घेतला आणि आता तोच त्यांचा आवडता क्लब आहे.

दुसऱ्या टोकाला उलटा त्रास. 37 इंचांचा वेज चेंडू उंच आणि लांब नेतो. पूर्ण स्विंगला ते खपून जातं. पण ग्रीनच्या कडेवरून वीस यार्डांची चिप (छोटा, बुटका फटका) मारायची असते, बंकरमध्ये वाळूत पाय रोवून उभं राहायचं असतं, तेव्हा हात आपोआप ग्रिपवर खाली सरकतो. म्हणजे लांब शाफ्ट घेऊन आपण तो आखूडच वापरतो. हँडिकॅप 24 असताना सर्वात जास्त फटके इथेच वाचतात, म्हणून या जागी प्रयोग करू नये असं माझं ठाम मत आहे.

मग कुणी घ्यावा? माझ्याकडे एक डॉक्टर येतात. कंबर दुखते म्हणून प्रत्येक क्लबला वेगळं वाकणं त्यांना नको होतं. त्यांना सहा ते नऊ नंबर एकाच लांबीचे दिले, वर दोन हायब्रिड, खाली नेहमीच्या लांबीचे वेज. तीन वर्षं झाली, खूश आहेत. ही मधली वाट मला सर्वात पटते. आणखी एक पर्याय म्हणजे अर्ध्या इंचाऐवजी तीन अष्टमांश इंचाचा फरक ठेवून सेट बांधणं. हातात सगळे जवळजवळ सारखे लागतात आणि टोकांना एवढी ओढाताण होत नाही. पण ते जाणकाराकडूनच करून घ्या.

पैसे घालवण्याआधी घरच्या सेटवर एक गोष्ट करून बघा. बाजारात क्लबवर चिकटवायची शिशाची पट्टी मिळते. पाच नंबरच्या डोक्याच्या मागे, मधोमध, 12 ते 14 ग्रॅम चिकटवा. मग ग्रिपवर हात बरोबर एक इंच खाली धरा, चेंडू सात नंबरच्या जागी ठेवा आणि वीस चेंडू मारा. लगेच सात नंबरने वीस. उत्तम बसलेला एखादाच चेंडू धरू नका, मधले दहा बघा. पाच नंबरचे चेंडू सातच्या पुढे निदान पंधरा यार्ड पडत असतील आणि उंचीही बरी असेल, तर तुमच्याकडे वेग आहे, एका लांबीचा सेट तुम्हाला चालेल. अंतर सात-आठ यार्डांवर आलं, तर पट्टी काढून टाका आणि पाच नंबरच्या जागी एक हायब्रिड घ्या, वापरलेला मिळाला तरी चालेल. आकडे इथे लिहिलेत तर हायब्रिडचा लॉफ्ट किती घ्यायचा ते सांगेन.