तंबू, दोन मुले आणि दोनच हात

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची, घरात मोठे माणूस तुम्ही एकट्याच. डिसेंबरच्या सुट्टीत दोघांना घेऊन एक रात्र तंबूत काढावी अशी इच्छा आहे, पण तिथे काही फजिती झाली तर मुले पुन्हा यायचे नाव काढणार नाहीत, अशी धास्ती तुम्हाला वाटते आहे. मी विक्रोळीला राहतो. पत्नीच्या निधनानंतर थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना घेऊन गेली नऊ वर्षे दर हिवाळ्यात एकदा तरी असा मुक्काम करतो. पहिल्या वर्षी ती आठ वर्षांची होती आणि तो पाचचा, म्हणजे जवळजवळ तुमच्याच मुलांच्या वयाचे. फजिती होते, आमची जवळजवळ दर वर्षी झाली. आजही आमच्याकडे जेवताना सहलींचा विषय निघाला की त्या फजितीच्याच गोष्टी निघतात. जी सहल सुरळीत पार पडली ती कोणत्या वर्षीची, हे आम्हा तिघांपैकी कोणालाही धड सांगता येत नाही.

हे सगळे प्रसंग आठवून पाहताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दोन मोठी माणसे असली की एकजण सामान पाहतो आणि दुसरा मुलांना. आपण एकटे असलो की दिवसातून एकदा तरी अशी वेळ येते, जेव्हा आपले दोन्ही हात कशात तरी गुंतलेले असतात आणि नेमके तेव्हाच तिसरे काहीतरी उपटते. आमच्या सगळ्या गमती त्याच वेळच्या आहेत. म्हणून तुम्ही तयारी कराल ती मुख्यतः त्या वेळेची करा, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिला मुक्काम भंडारदऱ्याला होता. लोकलने कसारा, तिथून जीपने घोटी आणि घोटीहून एसटीने शेंडी असा प्रवास करून आम्ही जलाशयाकाठी एका शेतकऱ्याच्या जागेवर दुपारी पोहोचलो. तंबू मी घरी कधी उभारून पाहिलेला नव्हता. दोन्ही काठ्या कमानीसारख्या वाकवून कापडात ओवल्या, तंबू उभा राहिला, आणि खुंट्या ठोकायला वाकणार तोच धाकट्याने अगदी निर्वाणीच्या स्वरात सांगितले, "बाबा, आत्ताच." त्याला घेऊन मी झुडपाआड गेलो आणि तंबू धरून ठेवायचे काम थोरलीवर सोपवले. पाण्यावरून वारा आला, तंबू फुगला आणि आठ वर्षांच्या मुलीच्या हातून सुटून गडगडत काठाकडे निघाला. ती मागे धावते आहे, माझ्या हातात धाकट्याची चड्डी आहे, तो आपले काम अर्धवट सोडायला तयार नाही, असे ते दृश्य होते. शेवटी खालच्या अंगाला म्हशी घेऊन चाललेल्या एका मावशींनी काठी आडवी धरून तंबू अडवला आणि म्हणाल्या, "घर पळून चाललं व्हय गं तुझं?" हे वाक्य आमच्या घरात कायमचे राहिले आहे. तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी मुलांचे आटोपायचे, मग जड पिशव्या तंबूच्या आत कोपऱ्यांत टाकायच्या, वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या खुंट्या प्रथम ठोकायच्या आणि काठ्या त्यानंतर उभ्या करायच्या. तुम्ही निघण्यापूर्वी सोसायटीच्या गच्चीवर एकदा संपूर्ण तंबू उभारून बघा आणि जमल्यास एक रात्र तिथेच झोपा. मुलांना गच्चीवरची ती रात्रही सहलीसारखीच वाटते.

त्याच मुक्कामात पहाटे दुसरा प्रसंग घडला. थंडी बोचत होती म्हणून मी तंबूच्या जाळ्या, पडदे सगळे घट्ट बंद केले होते. तिघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमून पाचच्या सुमारास आमच्या तोंडावर टपकू लागली. आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो आणि पावसाळ्यात आमचा स्लॅब गळतो. धाकटा झोपेतच उठला, अंधारात चाचपडत खिचडीचे पातेले आणले, बरोबर थेंब पडत होता तिथे ठेवले आणि पुन्हा झोपला. पातेल्यात एकेक थेंब पडण्याचा तो आवाज ऐकत थोरली आणि मी तोंड दाबून हसत राहिलो. थंडी कितीही असली तरी समोरासमोरच्या दोन झडपा चार बोटे उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना अंगावर एक स्वेटर जास्त घालावा. मात्र ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह तंबूत कधीही नेऊ नका. कापड पेटण्याचा धोका आहेच, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. बाकी फजिती हसण्यावारी नेता येते, हे एक नाही.

दुसऱ्या वर्षी कुलपाचा प्रसंग झाला. पिशवीचे तीन आकडी कुलूप धाकट्याला फार आवडायचे आणि त्याचा आकडा कसा बदलायचा, हे तो माझ्याकडून शिकला होता. मी बाहेर चुलीवर खिचडी ढवळत होतो, ती बुडाला लागण्याच्या बेतात होती, म्हणून मागे वळून पाहता आले नाही. तेवढ्यात त्याने तंबूच्या चेनच्या दोन्ही टोकांना मिळून ते कुलूप लावून टाकले आणि "आता चोर येणार नाही" असे जाहीर केले. आकडा नवा होता आणि तो विसरला होता. बॅटरी, ताटल्या, पांघरुणे, सगळे आत. मी कापड फाडायचा विचार करू लागलो होतो, पण थोरलीने मला थांबवले. तिने वाढदिवसाची तारीख लावून पाहिली, घराचा क्रमांक लावून पाहिला, आणि मग त्याला जवळ घेऊन विचारले, "तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" तो म्हणाला, "पंधरा डब्यांची." विक्रोळीला न थांबता धडधडत निघून जाणारी जलद लोकल पाहायला तो रोज संध्याकाळी मला फलाटावर घेऊन जात असे. शून्य, एक, पाच. कुलूप उघडले. तोवर खिचडी करपली होती, ती आम्ही वरवरची खाल्ली. तेव्हापासून बॅटरी, शिट्टी आणि औषधांची पिशवी माझ्या अंगावरच असते आणि मुलांच्या गळ्यातही प्रत्येकी एक शिट्टी असते.

रात्रीच्या लघवीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण एकट्या पालकाची खरी अडचण तीच आहे. एकाला जायचे असते आणि दुसरे गाढ झोपलेले असते, त्याला एकटे ठेवून जाववत नाही. आमचा नियम असा की उठायचे तर तिघांनी उठायचे. बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकायचे, कारण विंचू बुटात शिरतो. एकदा अशीच आमची वरात निघाली असताना बॅटरीच्या झोतात समोर हिरवट चमकणारे डोळे दिसले. धाकट्याने ते कुजबुजत मोजले, बारा. थोरलीने माझा दंड इतका आवळला की सकाळी वळ दिसत होता. मग त्या डोळ्यांच्या मागून एक दीर्घ हंबरणे आले. त्या मावशींच्या सहा म्हशी होत्या.

माझी मुलगी मोठी होऊ लागली तशी मला स्वच्छतागृहाची काळजी लागली, तुम्हाला ती मुलाच्या बाबतीत लागेल. म्हणून पहिल्या वेळी मोठ्या गजबजलेल्या कॅम्पऐवजी गावातल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणात किंवा शेतात मुक्काम ठरवा. शेंडी, रतनवाडी या भागांत अशी सोय होते, जेवण मिळते आणि घरातली बाई मुलांकडे दहा मिनिटे सहज लक्ष ठेवते. पाण्यात मात्र कोणीच उतरायचे नाही, गुडघाभरसुद्धा. एकाला वाचवायला तुम्ही गेलात तर काठावरचे दुसरे एकटे पडते.

समुद्रकाठी जायचे ठरले तर एक हिशेब शिकून जा, आम्ही तो चपला गमावून शिकलो. अलिबागजवळच्या नागावच्या एका वाडीत सुरूच्या झाडांखाली तंबू होता. पौर्णिमा होती. संध्याकाळी सहाला समुद्र इतका लांब गेला होता की लाटांचा आवाजही नीट येत नव्हता. आम्ही वाळूवर बराच वेळ बसलो, धाकटा तिथेच झोपला, त्याला खांद्यावर घेऊन आणि थोरलीचा हात धरून मी वर आलो. सहा चपला वाळूत राहिल्या, कारण उचलायला हातच नव्हता. सकाळी सहाला पाहतो तर समुद्र जिथल्या तिथे लांब आणि चपला गायब. मुलांनी चोराचा तपास सुरू केला, कुत्र्यांच्या पावलांचे ठसे मोजले, वाडीतल्या राखणदाराचीही साक्ष घेतली. तो आजोबा हसला आणि आमच्या मागे वाळूवर पसरलेली ओल्या काडीकचऱ्याची आणि शिंपल्यांची रेघ दाखवून म्हणाला, "चोर इथवर आलेला."

मग त्याने थोरलीला बोटांवर शिकवले: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त वर चढते. त्या रेघेच्या कडेने चालत जाऊन मुलांनी चार चपला शोधल्या, त्यांतल्या तीन डाव्या पायाच्या निघाल्या. मांडव्याहून गेटवेला येणाऱ्या बोटीत आम्ही तिघे अनवाणी बसलो होतो आणि धाकटा शेजारच्या प्रत्येक प्रवाशाला आजची तिथी विचारून भरतीची वेळ सांगत होता.

सुट्टीची तारीख ठरली की कळवा. तंबू नसेल तर विकत घेऊ नका, आमचा चार माणसांचा आहे, तो घेऊन जा. खुंट्या मोजून देतो, सोळा आहेत, आणि कुलूपही आत ठेवतो. आकडा अजून तोच आहे.