डबा उघडत जा

अगं,

पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. तो हाडाच्या मुठीचा चाकू लेदरच्या पाऊचमधून बाहेर काढ, आणि पिवळ्या मुठीचा जो आहे तो बाकीच्यांपासून उचलून दुसऱ्या खोलीत ठेव. आत्ता. मग ये.

तुझा मेसेज वाचला, फोटो पण पाहिले. तिन्ही चाकू एका डब्यात शेजारी शेजारी झोपवलेत, डब्याला घट्ट झाकण, डबा कपाटात, आणि तू विचारतेस वापरू की जपू. घोळ कळतो मला. हात शिवशिवतात आणि लगेच मनात येतं की एक ओरखडा पडला की गेलं. पण बाई, तू या दोन्हीतलं काहीच करत नाहीयेस. तू नुसतं ठेवून दिलंयस. माझ्या पाहण्यात जेवढे चांगले चाकू वाया गेले त्यातले वापरून वापरून झिजलेले थोडे, ठेवून दिलेलेच जास्त. वापराने जे जातं ते तुझ्या डोळ्यांदेखत जातं, धार जाते, पॉलिश जातं, तुला दिसतं आणि तू काहीतरी करतेस. डब्यात जे जातं ते तुला न विचारता जातं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा म्हणणार, कंटाळलीस तरी. चाकू नजरेआड ठेवायचा नाही.

लेदरचं आधी सांगतो. पाऊच दिसतं भारी, खिशात घेऊन फिरायला उत्तमच. पण चामडं कमावताना वापरलेली टॅनिन म्हणा, क्रोमचे क्षार म्हणा, ती त्यात उरतात, वर चामडं हवेतला ओलावा धरून बसतं. त्यात चाकू महिनोनमहिने राहिला की पात्यावर बारीक काळे खड्डे पडतात आणि आतल्या पितळेवर हिरवा थर येतो. हिरवं पुसता येतं. खड्डे निघत नाहीत, ते काढायचे म्हणजे आजूबाजूचं पोलाद घासून खाली आणायचं, म्हणजे ज्याच्यासाठी जपत होतीस तेच घालवायचं.

आता तो पिवळा. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही पण मूठ मला सेल्युलॉइडची वाटते. जुन्या चाकूंवर हे सर्रास असायचं, कासवाच्या पाठीसारखं, शिंपल्यासारखं, फुटलेल्या बर्फासारखं, हवं ते रूप देता यायचं त्याला. मुळात ते सेल्युलोज नायट्रेट आणि कापूर. वय झालं की ते आतून सुटायला लागतं, कापूर उडून जातो, नायट्रोजनचे वायू बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक ॲसिड तयार होतं. स्वतःची स्प्रिंग तर ते खातंच पण बंद डब्यात शेजारच्यालाही खातं. मुठीला नाक लाव. कापराचा किंवा आंबूस वास येतोय का, मूठ धरून ठेवणाऱ्या पिनांभोवती बारीक भेगा आहेत का, मुठीजवळच्या पोलादावरच जास्त गंज आहे का ते बघ. यातलं काहीही असेल तर तो आता एकटाच राहील, मोकळ्या हवेत, उन्हापासून आणि विस्तवापासून लांब, कारण हे भडकन पेटतं. असा एक माझ्याकडे होता, त्याने शेजारच्या चांगल्या दोन चाकूंची पाती खाल्ली. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्यांना माहीत होतं ते किमतींच्या गप्पा मारण्यात दंग होते, म्हणून मी तुला किमतीच्या आधी हे सांगतोय. राग येऊ देऊ नकोस पण तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये 'व्हॅल्यू' हा शब्द सारखा येतो आणि 'तेल' एकदाही नाही.

बरं, व्हॅल्यूचंच बोलू, म्हणजे तो काटा निघेल. कलेक्टर लोक मिंट म्हणतात ते कारखान्यातून आला तसा, खिशात न गेलेला, धार न लावलेला. एकदा दगडावर घासलास की तो मिंट नाही, कितीही सुंदर धार लावलीस तरी. किंमत उतरते, हो. हे मी गोड करून सांगणार नाही. पण मग प्रत्येक चाकूपाशी थांबून बघायचं की यात जपण्यासारखं नेमकं आहे काय.

हाडाच्या मुठीच्या चाकूत आहे. पात्याच्या बुडाशी शिक्का तू नीट वाचलास का? त्यावर केस एक्सएक्स आणि खाली यू.एस.ए. आहे. केस ही पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची कंपनी, आणि हा शिक्का त्यांनी १९६५ ते १९६९ वापरला. १९७० मध्ये त्याच्याखाली दहा ठिपके आले आणि पुढे दर वर्षी एकेक ठिपका कमी करत गेले, म्हणजे ठिपके मोजून साल सांगता येतं. तुझ्याकडच्याला ठिपका नाही. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे की पात्यावर कारखान्यातल्या चाकाच्या बारीक रेषा अजून जशाच्या तशा आहेत. एवढ्या वर्षांत त्याला कुणी दगड लावला नाही, मशीनवर पॉलिश केलं नाही. तो आता पुरावा आहे, त्या काळात पातं कसं घासायचे, हाड कसं कोरायचे, सगळं त्यात वाचता येतं. हा राख. याने सफरचंदसुद्धा कापू नकोस. आणि कुणी 'चमकवून देतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठव, पॉलिशच्या चाकाने शिक्क्याच्या कडा गोल होतात आणि ते सगळं एका मिनिटात पुसलं जातं.

पण राख म्हणजे काय ते ऐक. महिन्यातून एकदा बाहेर काढ. नखाच्या खाचेतून पातं पूर्ण उघड, टक्क आवाज नीट येतोय का ऐक, पूर्ण मिट. अर्ध्यात उघडं सोडू नकोस, घडीच्या चाकूची पाठीची स्प्रिंग त्या अवस्थेत ताणलेली असते. बोटांचे ठसे मऊ कापडाने पूस, ठशांतल्या मिठाने गंज धरतो, नवखे लोक इथेच फसतात, कौतुकाने दहा जणांना हाताळायला देतात आणि तसाच आत ठेवतात. मग मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात, सांध्यात एक थेंब. स्वयंपाकाचं तेल नको, ते घट्ट होऊन चिकट होतं आणि मग पातं उघडताना नख मोडतं. सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या तर घाल पण मुठी भरून नको, हाड फार कोरडं झालं की आकसतं आणि पिनेपाशी तडकतं. हवेत ४५-५० टक्के ओलावा दोघांनाही मानवतो, पोलादालाही आणि हाडालाही. लालसर गंजाचा ठिपका दिसला तर तेल लावून ठेव, दुसऱ्या दिवशी लाकडी काडीच्या टोकाने हलकेच उचल. करडा, निळसर रंग चढलेला असेल तर त्याला हात लावू नकोस, तो राहू दे.

दिसतंय ना, राखणं हे वापरण्याइतकंच काम आहे. ज्याला ते करायचं नाही त्याने राखतोय म्हणू नये. नजरेआड ठेवलेला चाकू राखलेला नसतो.

आता तो नवा, टायटॅनियमच्या मुठीचा, ज्याच्यासाठी तू एवढे पैसे साठवलेस आणि आता त्यालाच घाबरतेस. यात तू काय जपतेयस मला खरंच कळलेलं नाही. पातं एस३०व्हीचं आहे. हे पोलाद २००१ च्या सुमारास क्रूसिबल या अमेरिकी पोलाद कंपनीने खास चाकूंसाठीच काढलं, आणि ते करताना क्रिस रीव्हसारख्या चाकू बनवणाऱ्या माणसाचा सल्ला घेतला. धार जास्त टिकावी, कडा पटकन तुटू नये, गंज धरू नये, यासाठी लोकांनी डोकं फोडलं, आणि ते तू फोममध्ये निजवलंस! फ्रेमलॉकचा चाकू, म्हणजे मुठीचीच पट्टी आत सरकून उघडं पातं अडकवते तो, तर वापरल्याशिवाय बसतच नाही, लॉकची पट्टी आणि पात्याचं बूड एकमेकांना घासून जागा धरतात, ब्राँझच्या वॉशर चकचकीत होतात, मग तो हाताला लोण्यासारखा लागतो. पडून राहिला तर आतलं तेल चिकटतं आणि तू म्हणशील कंपनीने खराब दिला. टायटॅनियमवर ओरखडे पडणार, पहिल्याच आठवड्यात पडणार, किल्ल्यांबरोबर ठेवलास तर पहिल्याच दिवशी. पडू देत.

दोन घे, एक वापरायला आणि एक ठेवायला, असं तुला कुणीतरी सुचवलंय म्हणतेस. ज्याने सुचवलं त्याला विचार की ठेवायचा तो शेवटचा कधी उघडला होतास. मला असे बरेच जण माहीत आहेत, सीलसुद्धा न फोडलेले डबे दाखवतात. आत काय चाललंय ते त्यांनाच माहीत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो, पुढे तुला कुणी सांगेलच की हा माणूस चांगले चाकू नासवतो, तर माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. हाताने चाकू करणाऱ्या एका माणसाकडून मी एक करून घेतला होता. पोलादाला पाणी द्यायची, म्हणजे तापवून थंड करून कडक करायची, त्याची स्वतःची पद्धत होती, तापमान बदलून बदलून बघायचा. भेटला की एकच विचारायचा, धार कशी टिकते? आणि मी म्हणायचो, मस्त. खोटं नव्हतं, धार मस्तच दिसत होती. पण मी त्याने दोरीचा तुकडासुद्धा कापला नव्हता, तो मखमलीत होता. त्या माणसाला कौतुक नको होतं, त्याला पुढच्या पात्यासाठी माहिती हवी होती, कडा दुमडते की तुटते, किती दिवसांनी दगड लागतो. ती फक्त गिऱ्हाईकच देऊ शकतं. मी दिली नाही आणि आता तो नाही. तेव्हापासून तो चाकू माझ्या खिशात असतो. एका प्रदर्शनात एकाने तो हातात घेऊन पातं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला की हा गुन्हा आहे. असू दे. माझ्या हाताने धार लावलेलं पातं आहे ते, जरा अरुंद झालंय, टोकाशी वळण मूळचं राहिलेलं नाही, आणि त्याने कापताना मला अजूनही कळत जातं की त्याने पाणी देताना काय साधलं होतं. हे त्या प्रदर्शनवाल्याला कधीच कळणार नाही, भले त्याच्याकडे तसे दहा असू देत. मी काही प्रत्येक चाकूचं असं करा म्हणत नाहीये. केस राख म्हणालोच ना तुला.

आणि नुसतं बघायलाच केलेले चाकूही असतात, ते मी नाकारत नाही. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीने १८२२ मध्ये एक चाकू केला, त्याला पाती किती तर १८२२. त्याने काय कापणार? तो कारागिरी मिरवायलाच केला होता, त्याला काचेत ठेवणं हाच त्याचा वापर. पण तुझा टायटॅनियमवाला तसा नाही, उगाच त्याला तो मान देऊ नकोस.

तू आणखी एक विचारलंस की धार लावताना बिघडवलं तर. बिघडवशीलच. म्हणून आधी एखादा साधा ओपिनेल घे, कार्बन स्टीलचा, लाकडी मुठीचा. फ्रान्समधल्या साव्वाच्या डोंगराळ भागात १८९० पासून होतोय आणि कुणी त्याला काचेत ठेवत नाही. त्यावर फळं काप, पातं आधी डागाळेल, मग करडं-निळं होईल, ते गंजापासून थोडं वाचवतं, तुला लाल गंज आणि चढलेला रंग यातला फरक डोळ्यांनी कळेल, माझ्या पत्राने कळणार नाही. भिजला की लाकूड फुगतं आणि पातं अडकून बसतं, तेव्हा घाबरून फोन करू नकोस, वाळू दे. त्याच्यावर दगड शिक, १००० ग्रिटचा पुरे (ग्रिट म्हणजे दगडाचे कण किती बारीक त्याचा आकडा), दोन्ही बाजूंना साधारण २० अंश, दाब कमी, घाई नको, आणि इलेक्ट्रिकच्या चाकाजवळ जाऊ नकोस, पातं तापलं की दिलेलं पाणी उतरतं. हात बसला की एस३०व्हीकडे वळ. त्यात व्हॅनेडियमचे फार कडक कण असतात, साध्या दगडाला दाद देत नाहीत, डायमंडची पट्टी घे.

बाहेर खिशात नेण्याबद्दलचे नियम जिथे राहतेस तिथले वाच, ते मी सांगत बसत नाही.

पिवळ्या मुठीचे फोटो उजेडात काढून पाठव, दोन्ही बाजूंचे, पिनांचे जवळून, आणि मूठ व पातं मिळतात तिथला एक. वास कसा येतो ते लिही. भेगा असतील तर मूठ बदलायची की तसाच वेगळा ठेवायचा ते मग ठरवू, मूठ बदलायला माझी ना नाही, पण काढलेली मूठ त्याच डब्यात परत ठेवशील, म्हणून आधी विचार.