पॅकेट येत नाहीत आणि एररही दिसत नाही

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सी मधे लिबपीकॅप ही लायब्ररी वापरून नेटवर्कवरची पॅकेट पकडायचा प्रोग्राम लिहिलाय. लूपमधे पुढचं पॅकेट देणारं पीकॅप_नेक्स्ट आहे, नल (म्हणजे रिकामा पॉइंटर) आला की बाहेर पडतो. घरी कधी दोन मिनिटं चालतो, कधी लगेच बंद, काही छापतच नाही. लॅबमधे तर कॅप्चर सुरू करणाऱ्या पीकॅप_ॲक्टिव्हेटचं उत्तर शून्य नाही आलं म्हणून नुसतं ‘एरर’ छापून थांबतो. चूक कुठे शोधू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आधी घरचं बघू. पीकॅप_नेक्स्ट नल देतं ते खरोखर एरर आली म्हणूनही देतं, टाइमआउटपर्यंत एकही पॅकेट आलं नाही म्हणूनही देतं, आणि आलेलं पॅकेट तुमच्या फिल्टरमधे बसलं नाही म्हणूनही देतं, आणि यातलं नेमकं काय झालं हे कळायला मार्गच नाही, लायब्ररीच्या मॅन पेजवरच (तिच्या माहितीपानावर) तसं लिहिलंय. म्हणजे नेटवर्क जरा शांत झालं तरी तुमचा प्रोग्राम गाशा गुंडाळत असेल. माझं स्पष्ट मत, नवीन कोडमधे हे फंक्शन वापरूच नका, पीकॅप_नेक्स्ट_ईएक्स घ्या. ते 1 देतं म्हणजे पॅकेट मिळालं, 0 म्हणजे टाइमआउट झाला, परत लूप फिरवा, -1 म्हणजे एरर, आणि सेव्ह केलेली फाइल वाचत असाल तर -2 म्हणजे फाइल संपली.

आता लॅब. ॲक्टिव्हेटचं उत्तर शून्यापेक्षा कमी असेल तरच ती एरर. शून्यापेक्षा जास्त म्हणजे वॉर्निंग, हँडल (लायब्ररीने कॅप्चरसाठी उघडलेली जोडणी) चालू झालेलं असतं! उदाहरणार्थ 2 आला तर कार्डला प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांसाठीची पॅकेटही घेणं) जमत नाही एवढंच, कॅप्चर सुरू राहतं. तुम्ही ‘शून्य नाही’ असं तपासलंय त्यामुळे नुसत्या वॉर्निंगवरही प्रोग्राम बंद होणार. उणे आकडा असेल तर तो छापा. -8 म्हणजे परवानगी नाही, -5 म्हणजे त्या नावाचा इंटरफेसच (नेटवर्क कार्ड) नाही (घरच्या मशीनचं नाव कोडमधे तसंच राहिलंय का बघा), -9 म्हणजे इंटरफेस डाउन आहे. आकड्यासोबत पीकॅप_स्टेटसटूएसटीआर आणि पीकॅप_गेटएरर दोन्ही छापा, कारण पहिलं ढोबळ कारण सांगतं आणि दुसरं असेल तर जास्तीचा तपशील देतं. नुसता ‘एरर’ हा शब्द छापून आपण स्वतःच पुरावा फेकून देतो हो, दोन ओळी जास्त लिहायचा कंटाळा करू नका.

आणि गेटएररचा मजकूर पीकॅप_क्लोजच्या आधी छापा. तो मजकूर त्या हँडलच्याच पोटात असतो, हँडल बंद केल्यावर वाचायला गेलात तर कचरा छापेल किंवा प्रोग्राम क्रॅश होईल. क्लोज मात्र करायचंच, ॲक्टिव्हेट फसलं तरी.

लिनक्सवर परवानगीसाठी कॅप_नेट_रॉ हा खास अधिकार लागतो, सेटकॅप या कमांडने तो प्रोग्रामच्या फाइलला देता येतो, पण परत कंपाइल केलं की नवीन फाइलवर तो नसतो आणि मग ‘काल चालत होतं आज काय झालं’ म्हणून अख्खी संध्याकाळ जाते. लॅबच्या मशीनवर हे सगळं करायच्या आधी सरांना विचारा, त्या नेटवर्कवर दुसऱ्यांचाही डेटा असतो.

एक राहिलं. इंटरफेसची यादी देणाऱ्या पीकॅप_फाइंडऑलडेव्ह्जने 0 दिला तरी यादी रिकामी असू शकते, परवानगी नसेल तेव्हा असं होतं आणि लायब्ररी याला एरर मानत नाही, त्यामुळे यादीचा पॉइंटर नल आहे का ते वेगळं तपासा. तसंच बफर भरून पॅकेट गळाली तरी कुठलंही फंक्शन ओरडत नाही, अधूनमधून पीकॅप_स्टॅट्स बोलवून पीएस_ड्रॉप (गळालेल्या पॅकेटचा आकडा) बघायचं. तो आकडा वाढत असेल तर ॲक्टिव्हेटच्या आधी पीकॅप_सेट_बफर_साइझने बफर मोठा करा, आणि प्रत्येक पॅकेटला स्क्रीनवर छापत असाल तर ते आधी थांबवा.